नव्या प्रोसेसरवर जुनी सूची

आमच्या इंदूरच्या मराठी वाचनालयाची ग्रंथसूची जुन्या संगणकावरून एका निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर नेण्याचे काम मी २०२५ च्या गणेशोत्सवात हाती घेतले आणि ते दिवाळीनंतर पुरे झाले. काम सुरू करताना मला वाटत होते की ‘ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार आहे का’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते. तो आधार एकाखाली एक अशा अनेक थरांचा असतो आणि प्रत्येक थर कुणीतरी स्वतः तपासावा लागतो, हे मला या दोन महिन्यांत कळले. जे केले ते त्याच क्रमाने लिहीत आहे, कारण जुन्या संस्थांतून असेच संगणक अजून पुष्कळ आहेत.

वाचनालयातला संगणक २००४ मध्ये घेतलेला, पेंटियम ४ प्रोसेसरचा, ३२ बिटांचा. त्यावर लिनक्सवर आधारलेली डेबियन १२ ही ऑपरेटिंग सिस्टिम चालत होती. त्यातली सूची मात्र त्याहून जुनी आहे. माझे वडील वाचनालयाचे मानद कार्यवाह होते, आणि १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे, भारतीय लिप्या टंकित करू देणारे जिस्ट कार्ड बसवलेल्या डॉसच्या यंत्रावर सुमारे नऊ हजार पुस्तकांच्या नोंदी स्वतःच्या हाताने टंकित केल्या. त्या कार्डावरची देवनागरी इस्की या भारतीय मानकात साठवली जाते. १९९१ च्या त्या मानकात इंग्रजी अक्षरे १२८ च्या खाली राहतात आणि देवनागरी अक्षरांना वरच्या अर्ध्या भागातले आकडे मिळतात. ‘क’ चा आकडा १७९ आणि ‘ळ’ चा २१०. ‘इंदूर’ हा शब्द इस्कीत पाच बाइटांत मावतो, तर युनिकोडच्या आजच्या नेहमीच्या यूटीएफ-८ मांडणीत त्याला पंधरा बाइट लागतात. वडिलांच्या इस्की फायली वाचून त्यांचे युनिकोड करणारा आणि त्यावरून शोधाची अनुक्रमणी तयार करणारा एक सी भाषेतला प्रोग्राम मी २००४ मध्येच लिहिला होता. नव्या पुस्तकांच्या नोंदी वेगळ्या युनिकोड फायलीत जातात आणि अनुक्रमणी नव्याने तयार करताना प्रोग्राम दर वेळी जुन्या फायलीही पहिल्यापासून वाचतो. मूळ फायलींना हात लावायचा नाही, हा वडिलांचा नियम मी कधी मोडला नव्हता.

९ ऑगस्ट २०२५ रोजी डेबियन १३ प्रसिद्ध झाले. त्या आवृत्तीत दोन गोष्टी एकदमच घडल्या. इंटेलच्या ३२ बिटी वंशासाठी, म्हणजे आमच्या संगणकासाठी, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा मूळ भाग, आणि स्थापनेची व्यवस्था देणे डेबियनने बंद केले. आणि ६४ बिटी रिस्क-फाइव्ह या नव्या आज्ञासंचाला, म्हणजे प्रोसेसरच्या आज्ञांच्या भाषेला, स्थिर आवृत्तीत प्रथमच अधिकृत जागा मिळाली. १९९१ मध्ये लिनक्स लिहिले गेले ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरसाठी. त्या ३८६ चा आधार कर्नलने २०१३ च्या ३.८ या आवृत्तीत काढून टाकला होता, आणि आता त्याच्या नातवंडांची पाळी आली होती. जुने यंत्र अजून धडधाकट चालत असताना त्याच्यासाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या एक दिवस येईनाशा होणार, हे पचवणे मला जड गेले. तरी निर्णय करणाऱ्यांची बाजूही मला समजते: प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी हजारो पॅकेजे, म्हणजे तयार प्रोग्रामांचे गठ्ठे, पुन्हा पुन्हा बांधावी लागतात, बिघडली तर कुणीतरी दुरुस्त करावी लागतात, आणि ते करणारी माणसे मोजकीच असतात.

गणेशोत्सवात माझा भाचा बंगळूरहून आला. तो प्रोसेसरांच्या चाचणीचे काम करतो. त्याने पत्त्यांच्या जोडाहून थोडे मोठे असे एक पाटीसारखे सर्किट माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “मावशी, हे घे. रिस्क-फाइव्ह आहे. आजोबांची सूची याच्यावर चालते का बघ.” त्यावर सायफाइव्हच्या यू-७४ बनावटीचे प्रोसेसरचे चार गाभे (कोअर), ८ जीबी मेमरी आणि ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर. म्हणजे पूर्ण जोरात चालले तरी पंधरा वॉटच्या आतले काम, आणि पंख्याचा आवाज नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. वाचनालयाची गरज केवळ नवा संगणक एवढीच असती, तर वापरलेला ६४ बिटी ऑफिसचा संगणक स्वस्तात मिळाला असता आणि डेबियन १३ त्यावर अर्ध्या तासात बसले असते. ती वाट सरळ होती आणि कुणी तीच घेतली तर मी चूक म्हणणार नाही. मला मात्र दुसरेच काही पाहायचे होते. वडिलांचे टंकन आणि माझा प्रोग्राम वीस वर्षे एकाच घराण्याच्या प्रोसेसरवर चालले होते. ते त्या घराण्याला बांधले गेले आहेत की खरोखरच मोकळे आहेत, हे तपासायची संधी पुन्हा आली नसती.

रिस्क-फाइव्हची सुरुवात २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाली. क्रस्ते असानोविच, डेव्हिड पॅटर्सन आणि त्यांचे विद्यार्थी अँड्र्यू वॉटरमन व युनसुप ली ही त्यामागची नावे. आज्ञासंच म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांची भाषा. इंटेल-एएमडीची भाषा त्या कंपन्यांच्या मालकीची आहे, एआरएमची भाषा परवाना घेऊन वापरावी लागते, आणि रिस्क-फाइव्हची भाषा कुणालाही शुल्क न देता वापरता येते. आयआयटी मद्रासचे ‘शक्ती’ प्रोसेसर आणि सी-डॅकचे ‘वेगा’ प्रोसेसर याच भाषेत बोलतात. ज्या सी-डॅकच्या कार्डावर वडिलांनी टंकन केले, त्याच संस्थेने हा आज्ञासंच घेतला आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

भाषा मोकळी असली म्हणून ती टिकेलच असे नाही, ही शंका मात्र होती. प्रोसेसरांच्या स्पर्धेत ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार मिळूनही अपयशी ठरलेल्या रचना मी माझ्या नोकरीच्या काळात पाहिल्या आहेत. विंडोज एनटी ४.० हे १९९६ मध्ये इंटेलखेरीज अल्फा, मिप्स आणि पॉवरपीसी या तिन्ही प्रोसेसरांवर चालत होते आणि विंडोज २००० येईपर्यंत ते तिन्ही गळले. इटानियमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. २००१ मध्ये इंटेलने ही नवी ६४ बिटी रचना बाजारात आणली तेव्हा विंडोज, एचपी-यूएक्स आणि लिनक्स अशा सगळ्यांनी तिला आधार दिला होता. पण जुने ३२ बिटी प्रोग्राम तिच्यावर रखडत चालत. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन आणला. त्याने जुनी भाषा तशीच ठेवून तिचाच ६४ बिटांपर्यंत विस्तार केला, म्हणून लोकांना आपले जुने प्रोग्राम टाकून द्यावे लागले नाहीत, आणि अखेर इंटेललाही तीच वाट धरावी लागली. लिनक्सने इटानियमचा आधार जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत काढून टाकला. म्हणून ‘कर्नल चालतो’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून वडिलांची सूची कोठेही न्यायची नाही, असे मी ठरवले.

पहिला प्रश्न कोणती लिनक्स वितरणव्यवस्था घ्यावी हा होता. उबुंटूचा मला अधिक सराव आहे, पण ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या त्यांच्या २५.१० आवृत्तीला रिस्क-फाइव्हवर ‘आरव्हीए२३’ ही पातळी लागेल असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. ही पातळी म्हणजे प्रोसेसरला किमान कोणत्या आज्ञा कळल्या पाहिजेत त्याची ठरलेली यादी. ती ऑक्टोबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि तीत व्हेक्टर आज्ञा, म्हणजे अनेक आकड्यांवर एकदम काम करणाऱ्या आज्ञा, सक्तीच्या आहेत. यू-७४ ला व्हेक्टर आज्ञा येत नाहीत. उबुंटूची २४.०४ ही दीर्घकालीन आवृत्ती चालली असती, पण तिच्यापुढची वाट बंद होती. डेबियनने मात्र किमान पातळी खाली, मूळच्या ६४ बिटी सामान्य संचावर ठेवली आहे. नव्या आज्ञांचा पुरेपूर उपयोग करायचा की आज लोकांच्या हातात असलेल्या पाट्या चालू ठेवायच्या, या प्रश्नाला दोघांनी दिलेली ही दोन वेगळी उत्तरे आहेत. उबुंटूचे म्हणणे मला पटते, कारण पुढे येणारी यंत्रे त्याच पातळीची असतील. पण माझ्या टेबलावर होती ती आजची पाटी, म्हणून मी डेबियन घेतले.

पाटीशी बोलायला सिरिअल केबल लागते. ती घ्यायला मी जेल रोडवर गेले. दुकानातल्या मुलाने लगेच विचारले, “मैडम, पाँच वोल्ट वाली दूँ या तीन पॉइंट तीन वाली?” त्याच्या या एका प्रश्नाने पाटी वाचली असे मी मानते, कारण तिच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि मी ते विचारायचे विसरले होते. घरी येऊन सहाव्या पिनेवर जमीन (ग्राउंड), आठव्या आणि दहाव्या पिनेवर जाणारी-येणारी तार अशी जोडणी केली, लॅपटॉपवर ११५२०० चा वेग ठेवला आणि वीज दिली.

साध्या संगणकात वीज दिल्यापासून लिनक्स सुरू होईपर्यंत काय चालते याकडे आपण लक्ष देत नाही, कारण तीस-चाळीस वर्षांच्या सवयीने ते सारे ठरून गेले आहे. बायॉस किंवा त्याच्या जागी आलेली यूईएफआय व्यवस्था कर्नलला यंत्रात काय काय आहे ते सांगते, आणि कर्नल कामाला लागतो. येथे तो सारा प्रवास पडद्यावर ओळीओळीने दिसत होता. आधी चिपमधल्या कायमच्या स्मृतीतला छोटा तुकडा जागा होतो, तो यू-बूट या सुरुवात करून देणाऱ्या प्रोग्रामचा पहिला हिस्सा चढवतो, त्यानंतर ओपनएसबीआय येते. रिस्क-फाइव्ह प्रोसेसरात अधिकाराच्या पायऱ्या आहेत आणि सर्वांत वरची पायरी, जिला मशीन मोड म्हणतात, ओपनएसबीआय आपल्याकडे ठेवते. कर्नल एक पायरी खाली चालतो आणि घड्याळ लावणे किंवा दुसरा गाभा जागा करणे अशा कामांसाठी वरच्या पायरीला ठरलेल्या पद्धतीने विनंती करतो. पाटी कोणत्याही कंपनीची असली तरी ही विनंतीची पद्धत एकच असल्यामुळे एकच कर्नल सगळ्यांवर चालू शकतो. लिनक्समध्ये रिस्क-फाइव्हचा प्रवेश जानेवारी २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत झाला, तो याच पायावर.

डेबियन १३ ची स्थापना करणारी पेनड्राइव्ह लावली. बूटच्या सेवा सोडत असल्याची एक ओळ उमटली आणि त्यानंतर काहीच नाही. दहा मिनिटे, अर्धा तास, काहीच नाही. तीन संध्याकाळी मी याच ओळीपाशी अडकून होते.

कारण अखेर डिव्हाइस ट्रीमध्ये सापडले. अशा पाट्यांवर कोणते उपकरण कोणत्या पत्त्यावर बसवले आहे हे कर्नलला आपण होऊन शोधता येत नाही. त्याचा एक नकाशा त्याच्या हाती द्यावा लागतो, त्याला डिव्हाइस ट्री म्हणतात. पाटीच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत, कारखान्यातून आलेले फर्मवेअर, म्हणजे पाटी सुरू करून देणारे प्रोग्राम, जुने होते आणि त्यातला नकाशा उत्पादकाच्या स्वतःच्या कर्नलसाठी काढलेला होता. मुख्य लिनक्समध्ये पुढे तेच वर्णन परीक्षणातून जाताना नावे आणि रचना बदलल्या. डेबियनचा ६.१२ कर्नल मुख्य लिनक्सचा असल्यामुळे त्याला जुना नकाशा वाचता येत नव्हता. प्रोसेसर तोच, कर्नल योग्य, केवळ दोघांमधला कागद जुना. उत्पादकाने दिलेली ऑपरेटिंग सिस्टिमची तयार प्रतिमा (इमेज) मेमरी कार्डावर घालून पाटी सुरू केली, तिच्यातून फ्लॅशमध्ये नवे फर्मवेअर लिहिले, पाटीवरची बारीक बटणे पुन्हा फ्लॅशकडे वळवली आणि वीज दिली. या वेळी त्या ओळीनंतर कर्नलच्या ओळी धो धो वाहू लागल्या. रात्रीचे पावणेबारा वाजले होते. भाच्याला फोन करण्याचा मोह मी आवरला नाही.

त्या तयार प्रतिमेत एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे मॉनिटरवर चित्र दिसत होते. डेबियनच्या कर्नलमध्ये या चिपच्या चित्रभागाचा ड्रायव्हर अजून नाही, म्हणून मॉनिटर काळाच राहतो. चित्र हवे असेल तर उत्पादकाचा जुना कर्नल वापरावा आणि त्याच्या दुरुस्त्या उत्पादक देईल तोवरच घ्याव्यात. दुरुस्त्या नियमित हव्या असतील तर चित्र सोडावे. मी चित्र सोडले. पाटी कपाटामागे राहील, सूची वाचनालयाच्या अंतर्गत नेटवर्कवर देईल, आणि वाचक टेबलावरच्या टॅबवर (टॅब्लेटवर) किंवा स्वतःच्या फोनवर शोध घेतील, अशी मांडणी ठरवली. ग्रंथपाल ताईंना ती लगेच पटली, कारण जुन्या मॉनिटरने त्यांच्या टेबलाचा निम्मा भाग व्यापला होता.

स्थापना निर्विघ्न झाली. लिहिलेला प्रोग्राम प्रोसेसरच्या भाषेत आणणारा कंपायलर, एसक्यूलाइट हा माहितीसाठा, वेब सर्व्हर, मराठी भाषेची मांडणी (लोकेल), सारे नेहमीच्या आज्ञेने उतरले. जुलै २०२३ मध्ये रिस्क-फाइव्हला डेबियनच्या अधिकृत संग्रहात घेतल्यापासून पॅकेजे बांधणाऱ्या मंडळींनी किती काम केले असेल, याची कल्पना त्या शांतपणे उतरणाऱ्या पॅकेजांवरून आली. येथपर्यंतचे सारे थर इतरांनी रचलेले होते. पुढचा थर माझा होता आणि तोच कच्चा निघाला.

प्रथम मी जुन्या यंत्रावर तयार झालेली अनुक्रमणीची फाइल जशीच्या तशी नेली आणि शोधाचा प्रोग्राम पाटीवर नव्याने कंपाइल करून चालवला. पहिल्या नोंदीचा शब्द बरोबर आला, पण पुस्तकाचे फायलीतले स्थान कित्येक अब्जांच्या पुढचे. हेच मी माझ्या ६४ बिटी इंटेल लॅपटॉपवर करून पाहिले, तेथेही तोच प्रकार. म्हणजे हा दोष रिस्क-फाइव्हचा नव्हे, ६४ बिटांचा. माझ्या रचनेत २४ बाइटांचा शब्द आणि त्यापुढे ‘लाँग’ प्रकारचा एक आकडा होता. ३२ बिटी लिनक्समध्ये लाँग चार बाइटांचा, ६४ बिटीत आठ बाइटांचा. जुनी नोंद २८ बाइटांची, नवा प्रोग्राम ती ३२ बाइटांची समजून वाचत होता, आणि पुढच्या शब्दाची पहिली चार बाइटे या आकड्यात मिसळत होती. आकड्याचा प्रकार नेमक्या ३२ बिटांचा लिहिल्यावर हे मिटले.

मग अनुक्रमणी मूळ फायलींवरूनच नव्याने तयार करू या म्हणून रूपांतराचा प्रोग्राम चालवला. लॅपटॉपवर तो काही सेकंदांत संपतो. पाटीवर तो पाऊण तास चालूच राहिला. थांबवून पाहिले तर ३२ जीबीचे कार्ड काठोकाठ भरलेले. रूपांतरित फायलीच्या सुरुवातीला वडिलांच्या नोंदी इस्कीतच, काहीही रूपांतर न होता उतरलेल्या, आणि त्यानंतर शेवटपर्यंत, कित्येक जीबी, २५५ हा एकच बाइट.

लॅपटॉपवर बरोबर आणि पाटीवर चूक, म्हणजे आता दोष नव्या प्रोसेसरचा किंवा त्याच्या कंपायलरचा असावा, अशी माझी जवळजवळ खात्री झाली होती. तरी आणखी एक परीक्षा घ्यावी म्हणून वाचनालयात अभ्यासाला येणाऱ्या एका मुलाची रास्पबेरी पाय ही छोट्या संगणकाची पाटी मागून घेतली. तिच्यात एआरएम प्रोसेसर. तेथेही कार्ड भरू लागले. दोन अगदी वेगळ्या घराण्यांचे प्रोसेसर एकसारखे चुकत होते आणि इंटेल एकटाच बरोबर होता, हे पाहिल्यावर दोष माझ्या प्रोग्राममध्ये आहे याविषयी संशय उरला नाही. कंपायलरला सर्व इशारे द्यायला सांगून पुन्हा कंपाइल केले, तेव्हा त्याने स्पष्ट सांगितले की अमुक ओळीतली तुलना कधीच खरी ठरू शकत नाही.

सी भाषेतला ‘कॅर’ हा एका बाइटाचा प्रकार. त्यात ऋण आकडे मावतात की नाही, हे भाषेचे मानक ठरवत नाही. ते प्रत्येक प्रोसेसरच्या संकेतावर सोडलेले आहे. लिनक्सवर इंटेल घराण्यात तो −१२८ ते १२७ असा धरतात, तर एआरएम आणि रिस्क-फाइव्हमध्ये ० ते २५५ असा. इंटेलवर ‘क’ चा १७९ हा आकडा वाचताना −७७ होतो. २००४ मध्ये मी यावरच विसंबून लिहिले होते की वाचलेला बाइट शून्याहून लहान असेल तर ते देवनागरी अक्षर, आणि त्यात १२८ मिळवले की तक्त्यातली त्याची जागा मिळते: −७७ आणि १२८ मिळून ५१. पाटीवर ‘क’ हा १७९ च राहतो. तो शून्याहून लहान कधीच नसतो, म्हणून एकाही मराठी अक्षराला मराठी मानले गेले नाही. फाइल संपल्याची खूण −१ असते. ऋण आकडा न मावणाऱ्या प्रकारात ती २५५ होऊन बसते, −१ शी तिची तुलना जुळत नाही आणि प्रोग्रामला फाइल संपल्याचे कळतच नाही. इंग्रजी सूची असती तर यातला पहिला दोष कधी दिसलाच नसता, कारण इंग्रजी अक्षरे १२७ च्या आत राहतात. देवनागरी वरच्या अर्ध्या भागात राहते, म्हणून प्रोसेसरांच्या संकेतातला हा फरक पहिल्यांदा आपल्या लिपीला लागतो. भारतीय भाषांचे जुने प्रोग्राम नव्या प्रोसेसरांवर नेणाऱ्या प्रत्येकाने ही जागा आधी पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन.

कंपायलरला एक पर्याय देऊन ‘कॅर’ इंटेलसारखा ऋण धरायला लावता येतो. भाच्याने फोनवर तेच सुचवले, “मावशी, तो फ्लॅग लाव आणि मोकळी हो.” पण त्याने दोष झाकला गेला असता. मी बाइटाचा प्रकार स्पष्टपणे ऋणरहित लिहिला, वाचलेली किंमत पूर्णांकात घेतली, म्हणजे −१ आणि २५५ वेगळे राहतील, आणि तक्त्यातली जागा १७९ मधून १२८ वजा करून काढली. उत्तर तेच, ५१.

त्यानंतर पाटीवरचे रूपांतर चार सेकंदांत संपले. जुन्या यंत्रावरची रूपांतरित सूची आणि ही सूची बाइटशः एकसारखी असली पाहिजे, म्हणून दोन्हींचे शा-२५६ ठसे, म्हणजे फायलीत एक बाइट बदलला तरी बदलणाऱ्या खुणा, काढले. ते जुळले नाहीत. नवी सूची मोठी होती.

पुन्हा पाटीवर संशय घेण्याआधी मी दुरुस्त प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला. त्याचा ठसा पाटीच्या ठशाशी अक्षरशः जुळला. जुना प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला, त्याचा ठसा जुन्या यंत्राशी जुळला. म्हणजे प्रोसेसर बदलल्याने काहीच बदलले नव्हते. दुरुस्तीमुळे बदलले होते. फरक कोठे आहे ते काढले तर सारा एकाच ठिकाणी, नाटकांच्या फायलीत. त्या फायलीच्या मध्यावर, कदाचित एखाद्या फ्लॉपीच्या खराबीमुळे असेल, २५५ हा एक भरकटलेला बाइट शिरला होता. इंटेलवर माझा प्रोग्राम तो −१ म्हणून वाचत होता, फाइल संपली असे समजत होता आणि तेथेच थांबत होता. त्यापुढच्या १८६ नोंदी वीस वर्षांत एकदाही सूचीत आल्या नव्हत्या. वडिलांनी त्या टंकित केल्या होत्या, फाइल जागच्या जागी होती, आणि माझ्या प्रोग्रामने ती अर्ध्यावर सोडली होती. पाटीने कार्ड भरून टाकले नसते तर मी त्या ओळीकडे पुन्हा पाहिलेही नसते.

भाऊबीज झाल्यावरच्या शनिवारी हे मी ताईंना सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आतल्या कपाटातून एक लांबट वही घेऊन आल्या. “संगणकात न सापडणारी पण फळीवर असलेली पुस्तके यात लिहून ठेवत आले,” त्या म्हणाल्या. “मला वाटे, तुमच्या बाबांच्या हातून ती टंकायची राहिली.” वहीत बहुतेक नाटकेच होती. टेबलाशी बसून त्या एकेक नाव वाचत गेल्या आणि मी टॅबवर ते शोधत गेले. सापडले की त्या तांबड्या पेन्सिलीने खूण करत. अकरा पुस्तके सापडली नाहीत. ती खरोखरच टंकित झालेली नाहीत आणि ती आता युनिकोडच्या फायलीत घालायची आहेत. बाकी सगळ्यांपुढे खुणा झाल्या.